आधी सवत, मग सून: स्टेफनी फॉरेस्टरच्या घरातला गुंता

ब्रुक लोगन ही रिज फॉरेस्टरची प्रेयसी. लग्न मात्र तिनं आधी केलं ते रिजच्या वडिलांशी, एरिकशी. त्यांना दोन मुलं झाली, पुढे घटस्फोट झाला आणि ती रिजची बायको झाली. त्यानंतर रिजचा धाकटा भाऊ थॉर्न याच्याशीही तिचं लग्न लागलं. २००८ मध्ये ब्रुकच्या धाकट्या बहिणीनं, डॉनानं, एरिकशीच संसार थाटला आणि नात्यानं ती आपल्या सख्ख्या बहिणीची सावत्र सासू झाली.

‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ ही अमेरिकन मालिका नव्यानं पाहायला बसलेला माणूस इथेच हात टेकतो. कोण कोणाचं कोण, हे लक्षात ठेवायला घरातली वंशावळ पुरत नाही. पण हा गुंता दिसतो तेवढा अवघड नाही, असं मला मनापासून वाटतं. लग्नं आणि घटस्फोट पाठ करत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. त्याऐवजी एका बाईच्या मागे मागे चालत राहायचं: एरिकची पहिली बायको, रिज आणि थॉर्नची आई, स्टेफनी फॉरेस्टर. ती कधी चिडली, कोणाला वाचवायला धावली आणि काय लपवलं, एवढं कळलं की कथानकाचे निम्मे धागे आपोआप सुटतात.

आधी थोडी ओळख. विल्यम बेल आणि त्यांच्या पत्नी ली फिलिप बेल यांनी ही मालिका निर्माण केली. २३ मार्च १९८७ रोजी ती अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, दिवसा, अर्ध्या तासाचा भाग. कथा घडते लॉस एंजेलिसमध्ये, उंची कपडे बनवणाऱ्या ‘फॉरेस्टर क्रिएशन्स’ या कंपनीच्या आणि तिच्या मालकांच्या घरात. भारतात ती आली नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, स्टार टीव्हीबरोबर. पुण्या-मुंबईच्या इमारतींवर केबलवाल्यांच्या छत्र्या नुकत्याच उभ्या राहत होत्या, मराठी वाहिन्यांवरच्या रोजच्या मालिकांची लाट यायला अवकाश होता, आणि स्टार प्लसवर फॉरेस्टर-लोगन घराण्यांचं भांडण चालू होतं. त्या काळात ज्यांच्याकडे केबल होती, त्यांच्यातल्या अनेकांना रिज आणि ब्रुक ही नावं आजही आठवतात. मला मात्र वाटतं की लक्षात ठेवायला हवी होती ती स्टेफनी.

तिची भूमिका सुझन फ्लॅनरी यांनी पहिल्या भागापासून २०१२ पर्यंत केली. कापलेले रुपेरी केस, घोगरा, भारदस्त आवाज, आणि समोरच्याला बोलू द्यायचं की नाही हे नजरेनंच ठरवण्याची पद्धत. त्या आधीपासून नामवंत होत्या. १९७४ च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ या चित्रपटासाठी त्यांना नवोदित अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब मिळाला होता, आणि १९७५ मध्ये दुसऱ्या एका मालिकेतल्या कामासाठी डेटाइम एमी, म्हणजे दिवसाच्या टीव्ही कार्यक्रमांना मिळणारा पुरस्कार. स्टेफनीसाठी पुढे २०००, २००२ आणि २००३ अशा आणखी तीन एमी त्यांच्या नावावर जमा झाल्या. मालिकेचे काही भाग त्यांनी दिग्दर्शितही केले.

या प्रकारच्या मालिकांमध्ये आई केंद्रस्थानी असणं हा योगायोग नाही. त्याचं मूळ रेडिओच्या काळात आहे. १९३० मध्ये शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर इर्ना फिलिप्स यांनी ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोजची श्राव्य मालिका सुरू केली. अमेरिकेतल्या या प्रकारच्या पहिल्या मालिकांत तिची गणना होते. तिच्या मध्यभागी होती मदर मॉयनिहान नावाची आयरिश वंशाची विधवा आई, आणि ती भूमिका स्वतः फिलिप्सच करत. दिवसा घरी असणाऱ्या बायका हा श्रोतावर्ग, साबण विकणाऱ्या कंपन्या हे प्रायोजक, आणि घर सांभाळणारी आई ही नायिका, असा तो मेळ होता. पुढे टीव्हीच्या काळात विल्यम बेल याच फिलिप्सबाईंच्या हाताखाली लिहायला शिकले. म्हणजे स्टेफनी ही एका जुन्या परंपरेतली नात आहे. फरक एवढाच की मदर मॉयनिहानकडे पैसा नव्हता आणि स्टेफनीकडे बेव्हर्ली हिल्समधला बंगला आहे. पैसा आला की आईच्या मायेला हत्यारंही मिळतात. वकील, कंपनीतल्या खुर्च्या, गप्प बसवण्यासाठी धनादेश.

आता दोन घरं समजून घेऊ. फॉरेस्टर श्रीमंत. एरिक कपड्यांचे आराखडे काढणारा, स्टेफनी व्यवहार आणि घर दोन्हींवर पकड असलेली. पडद्यावर वावरणारी त्यांची मुलं म्हणजे रिज, थॉर्न, क्रिस्टन आणि फेलिशिया. लोगन सॅन फर्नांडो व्हॅलीत राहणारे, बेताच्या मिळकतीचे. आई बेथ मेजवान्यांचं जेवण पुरवण्याचा व्यवसाय करायची. बाप स्टीफन घर सोडून गेलेला. मुलं चार: स्टॉर्म, ब्रुक, डॉना, केटी. ब्रुक रसायनशास्त्र शिकणारी हुशार मुलगी. फॉरेस्टरांच्या घरच्या मेजवानीचं जेवण बेथच्या व्यवसायाकडून जातं, ब्रुक मदतीला जाते आणि तिथे रिज तिच्या नजरेत भरतो. रिजचं लग्न तेव्हा कॅरोलाइन स्पेन्सर या बड्या प्रकाशकाच्या मुलीशी ठरलेलं आहे.

स्टेफनीला ब्रुक आवडत नाही याचं कारण वरवर पाहता पैशाचं अंतर वाटतं. खरं कारण जुनं आहे. एरिक आणि बेथ हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एकमेकांच्या प्रेमात होते. त्याच काळात स्टेफनीला एरिकपासून दिवस गेले, एरिकनं तिच्याशी लग्न केलं आणि बेथ मागे राहिली. ते बाळ म्हणजे रिज. तेव्हा वीस-पंचवीस वर्षांनी बेथचीच मुलगी दारात उभी राहून रिजकडे बघते, यात स्टेफनीला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात. नवऱ्याचं जुनं प्रेम परत येतंय, आणि ज्या मुलामुळे आपलं लग्न झालं तोच मुलगा आपल्या हातून जातोय. रिज हा तिच्या संसाराचा पाया आहे. तिचं रिजवरचं प्रेम इतर मुलांपेक्षा वेगळं, कडक आणि हट्टी का आहे, याचं उत्तर इथे आहे. थॉर्न आयुष्यभर भावाच्या सावलीत राहिला आणि चिडत राहिला, त्याचंही.

पहिल्या काही महिन्यांतच तिच्या मायेची परीक्षा झाली आणि ती परीक्षा मला आजही या मालिकेतली सगळ्यात चांगली कल्पना वाटते. कॅरोलाइन रिजपासून दुरावते आणि थॉर्नशी लग्न करते. पण तिच्या मनातून रिज जात नाही आणि रिजच्या मनातून ती. हे थॉर्नला कळतं. दारूच्या नशेत, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत तो भावावर गोळी झाडतो आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. रिज वाचतो. गोळी कोणी घातली हे स्टेफनीला कळतं. ती पोलिसांकडे जात नाही. पुरावा दडवते आणि तोंड मिटून घेते.

इथे जरा थांबायला हवं. एका मुलाला वाचवायचं तर दुसऱ्याच्या जखमेबद्दल खोटं बोलायचं. ज्याला गोळी लागली तोही पोटचा, ज्यानं झाडली तोही पोटचा. दोघांच्याही मधे उभं राहून ती एक गुपित पोटात घालते. पुढची पंचवीस वर्षं तिनं जे जे केलं त्याची रीत या एका प्रसंगात ठरून गेली: घरातल्यांचं रक्षण म्हणजे घरातल्यांपासून सत्य लपवणं. प्रेक्षकाला सत्य माहीत असतं, घरातल्यांना नसतं, आणि ते कधी फुटेल याची वाट पाहत आपण रोज दुपारी टीव्हीसमोर बसतो. रोजच्या मालिकेचं सगळं तंत्रच या एका युक्तीवर चालतं. आठवड्याला पाच भाग, वर्षाला साधारण अडीचशे. एवढं कथानक पुरवायचं तर घटना पुरत नाहीत, गुपितं लागतात. आणि गुपित सांभाळायला आईइतकं पक्कं पात्र दुसरं नाही, कारण तिच्याकडे लपवण्याचं कारण कायम तयार असतं.

कॅरोलाइनचं पुढे रिजशी लग्न झालं आणि १९९० मध्ये ती रक्ताच्या कर्करोगानं गेली. तोवर ब्रुकनं एरिकचा हात धरला होता. त्याच वर्षी त्यांचा मुलगा रिक जन्मला, १९९१ मध्ये लग्न झालं, १९९२ मध्ये मुलगी ब्रिजेट. स्टेफनीच्या जागी बसलेली बाई आता तिच्या मुलाच्या वयाची आहे. ब्रिजेट एरिकची की रिजची, हा प्रश्न निघाला आणि बराच काळ घर त्यात होरपळलं. शेवटी ती एरिकचीच ठरली.

नात्यांचा हिशोब आता मांडून बघा. ब्रुक ही स्टेफनीची सवत. रिक आणि ब्रिजेट ही रिजची सावत्र भावंडं. ब्रुकनं रिजशी लग्न केलं त्या दिवशी रिज आपल्याच सावत्र भावंडांचा सावत्र बाप झाला. ब्रुकला रिजपासून २००४ मध्ये मुलगा झाला, आर. जे. त्याच्यासाठी रिक हा आईकडून भाऊ आणि बापाकडून काका. मराठीत आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, पण त्यातले दोन-दोन शब्द एकाच माणसाला लावायची वेळ सहसा येत नाही. इथे दर लग्नसराईत येते.

या भांडणात फक्त प्रेम नाही, मालकी आहे, हे विसरून चालणार नाही. ब्रुकच्या रसायनशास्त्राचा इथे उपयोग होतो. कपड्याला सुरकुत्या पडू न देणारं ‘बिलीफ’ नावाचं सूत्र तिनं शोधलं आणि त्याच्या जोरावर नव्वदच्या दशकात फॉरेस्टर क्रिएशन्सचा ताबा मिळवला. स्टेफनीनं आपल्या मुलांसाठी उभी केलेली कंपनी जेवण वाढायला आलेल्या मुलीच्या हाती गेली. पुढे ब्रुकनं ‘ब्रुक्स बेडरूम’ नावानं अंतर्वस्त्रं बाजारात आणली तेव्हा उंची पोशाखांच्या घराण्यात हे कसलं कापड, म्हणून स्टेफनीचा जळफळाट झाला. घरातलं भांडण आणि ऑफिसातलं भांडण एकाच टेबलावर चालतं, त्यामुळे कोणाला खुर्चीवरून काढलं हे कोणाला नवऱ्यानं सोडलं याइतकंच महत्त्वाचं ठरतं. एकत्र कुटुंबाच्या धंद्यात वाटणीवरून दावे चाललेले ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

स्टेफनीचे डावपेच बऱ्याचदा समर्थन करण्यापलीकडचे होते. २००५ मधला प्रसंग सगळ्यांत कुप्रसिद्ध. रिजची पत्नी टेलर, मनोविकारतज्ज्ञ, जी मेली असं सगळे समजत होते, ती परत येते. टेलर ही स्टेफनीच्या मनातली आदर्श सून. रिज ब्रुकबरोबर आहे. तेव्हा स्टेफनी हृदयविकाराचा झटका आल्याचं सोंग करते आणि जणू शेवटची इच्छा म्हणून रिजकडे मागणं मागते: टेलरकडे परत जा. रिज आईचं ऐकतो. पुढे सोंग उघडं पडतं आणि सगळं कुटुंब तिच्यावर उलटतं. मुलाच्या मायेचा असा वापर करणारी आई मला क्षम्य वाटत नाही. पण लेखकांनी तिला तिथे सोडून दिलं नाही, आणि हेच या पात्राचं मोठेपण आहे. २००६ मध्ये त्यांनी मागे वळून विचारलं की ही बाई अशी का झाली.

उत्तर तिच्या माहेरी होतं. पॅमेला या धाकट्या बहिणीबरोबर वाढलेल्या स्टेफनीला लहानपणी बाप मारझोड करायचा. आई, अ‍ॅन डग्लस, सगळं पाहत होती आणि गप्प होती. ही अ‍ॅन पडद्यावर आणली बेटी व्हाइट यांनी. अमेरिकन प्रेक्षक ज्यांना विनोदी भूमिकांमुळे ओळखतात, त्या हसतमुख चेहऱ्याच्या बाईंना नाकारणाऱ्या आईची भूमिका दिली, ही निवड फार विचारपूर्वक केलेली होती. अ‍ॅन क्रूर वाटत नाही. ती नीटनेटकी, गोड बोलणारी आजी आहे, आणि तसं काही घडलंच नाही असं म्हणते. स्टेफनी समोर बसून एकच गोष्ट मागते: तू पाहत होतीस, हे कबूल कर.

मालिका सुरू होऊन तोवर १९ वर्षं झाली होती. त्या एका खुलाशानं मागचे सगळे प्रसंग वेगळे दिसायला लागतात. स्टेफनीला कोणी वाचवलं नाही. म्हणून आपल्या मुलांवर संकट येण्याआधीच ती धावून जाते, संकट नसलं तरी. तिची आई गप्प राहिली, म्हणून ही कधी गप्प राहत नाही. ओरडते, हात उगारते, लोकांना विकत घेते. आणि तरीही एक गोष्ट तिनं आईकडूनच उचलली, ती म्हणजे घरातलं घरातच दडवायचं. थॉर्नच्या हातातलं पिस्तूल दडवणारी स्टेफनी आणि नवऱ्याची मारझोड दडवणारी अ‍ॅन यांच्या मधलं अंतर आपण समजत होतो तेवढं नाही. हे मालिकेत कोणी बोलून दाखवत नाही, पण जुने भाग आठवणाऱ्याला ते टोचल्याशिवाय राहत नाही. अ‍ॅन २००९ मध्ये समुद्रकिनारी, मुलींच्या सोबतीत मरते. तोवर मायलेकींत काही एक समेट झालेला असतो.

आता त्याहून मोठं गुपित. २००१ मध्ये कळतं की रिज एरिकचा मुलगाच नाही. त्याचा जन्मदाता मासिमो मरोन हा जहाजांचा धंदा असलेला धनाढ्य माणूस, फॉरेस्टरांचा जुना ओळखीचा. कथानकाच्या दृष्टीनं हा एक धक्का होता, असे धक्के अशा मालिकांत येतातच. पण त्याचा अर्थ बघा. एरिकनं बेथला सोडून स्टेफनीशी लग्न केलं ते पोटातल्या बाळासाठी. ते बाळ एरिकचं नव्हतं. म्हणजे फॉरेस्टर आणि लोगन यांचं वैर ज्या घटनेतून जन्मलं ती घटनाच चुकीच्या समजुतीवर उभी होती. ब्रिजेटचा बाप कोण म्हणून जिनं ब्रुकला वर्षानुवर्षं टोचून खाल्लं, तिच्या स्वतःच्या थोरल्या मुलाबद्दल तोच प्रश्न उभा राहिला. आणि मघाशी मांडलेला नात्यांचा हिशोबही कोसळला: रक्तानं रिज हा रिकचा कोणीच लागत नाही, आर. जे.चा काका फक्त नावाचा उरला.

या मालिकांत बाप इतक्या वेळा का बदलतो, हे अनेकजण विचारतात. त्याचं कारण व्यवहारी आहे. आई कोण हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं, कारण बाळ तिच्या पोटातून येतं. बाप कोण हे सांगण्यावर, तपासणीवर, कागदावर अवलंबून असतं, आणि कागद बदलता येतो. लेखकाला जुनी नाती मोडून नवी प्रेमं शक्य करायची असतात. आईला हात न लावता बाप बदलला की अर्ध्या गावाची नाती एका भागात फिरतात.

ब्रुक ही काही स्टेफनीची एकटी शत्रू नव्हती. शीला कार्टर नावाची परिचारिका १९९२ मध्ये या कथेत आली, ‘द यंग अँड द रेस्टलेस’ या बेल यांच्याच आधीच्या मालिकेतून. तिथे तिनं एका बाईचं बाळ चोरलं होतं. इथे येऊन ती एरिकची बायको झाली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिनं स्टेफनीच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत पारा मिसळला. शीलाविषयी पहिल्यापासून सावध होती ती स्टेफनीच. तिचा संशयी स्वभाव, जो ब्रुकच्या बाबतीत अन्याय करत होता, तोच इथे घराला वाचवत होता. म्हणूनच तिला नुसती खाष्ट बाई म्हणून बाजूला सारता येत नाही.

सॅली स्पेक्ट्रा हे तर फार वेगळं प्रकरण. डार्लीन कॉन्ली यांनी १९८९ पासून ती रंगवली. लाल केस, भडक कपडे, मोठ्यानं बोलणं, आणि फॉरेस्टरांचे आराखडे चोरून स्वस्त कपडे विकणारी कंपनी. तिची मुलगी मेसी थॉर्नच्या प्रेमात पडली. दोन आया, दोन कंपन्या, दोन मुलं. सॅलीही मेसीसाठी जीव टाकायची, अगदी स्टेफनीसारखी. दोघी एकमेकींना ओळखत होत्या, म्हणून पुढे त्यांची मैत्री जमली. पहिल्यांदा त्या एकमेकींच्या तोंडाला तोंड देत होत्या तेव्हाही त्यांच्यात एक आदर होता, जो स्टेफनीनं ब्रुकला कित्येक वर्षं दिला नाही.

या वैराची किंमत लोगनांनी जास्त मोजली. २००७ मध्ये ब्रुकचा भाऊ स्टॉर्म यानं स्टेफनीवर गोळी झाडली. ती वाचली. पुढच्या वर्षी त्याच्याच हातून बहीण केटी जखमी झाली, आणि तिला आपलं हृदय मिळावं म्हणून त्यानं स्वतःचा जीव दिला. २०१० मध्ये बेथ, जिला तोवर अल्झायमरनं गाठलं होतं, फॉरेस्टरांच्या घरच्या तरणतलावात बुडून गेली. स्टेफनी तेव्हा तिथेच होती. नॉर्थवेस्टर्नच्या दिवसांपासून चाललेली दोघींची गोष्ट अशी संपावी, याची हळहळ आजही वाटते. विसरत चाललेल्या बेथला एरिक मात्र आठवत होता.

त्याच वर्षी स्टेफनीला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं कळलं. तिनं पहिल्यांदा घरच्यांना सांगितलं नाही, जुनी सवय. लॉस एंजेलिसमधल्या स्किड रो या बेघरांच्या वस्तीत ती जायला लागली. हे भाग प्रत्यक्ष त्या वस्तीत, तिथे राहणाऱ्या माणसांसह चित्रित केले होते. दिवसाच्या मालिकेत असं काही क्वचितच दिसतं. त्यावेळी आजार बरा झाला, २०१२ मध्ये तो उलटला. फ्लॅनरी यांनीच काम थांबवायचं ठरवलं होतं, आणि लेखकांनी स्टेफनीला निरोप द्यायचं ठरवलं.

तो भाग अमेरिकेत २६ नोव्हेंबर २०१२ रोजी दाखवला गेला. लॉस एंजेलिसजवळच्या बिग बेअर डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घरात स्टेफनी मरते. मुलं जवळ नाहीत. तिला कुशीत घेऊन बसलेली बाई ब्रुक आहे. सहा हजारांहून अधिक भाग जिनं ब्रुकला दारातून हाकललं, तिचा शेवट ब्रुकच्याच हातांत. मालिकेच्या चाहत्यांत यावर मतभेद आहेत. काहींना वाटतं तो क्षण रिजचा किंवा एरिकचा होता. मला ती निवड बरोबर वाटते. रिजचं प्रेम स्टेफनीला कधी मागावं लागलं नाही. ब्रुकशी मात्र रोज भांडून, रोज तिच्याबद्दल विचार करून, तिनं जितकं आयुष्य घालवलं तितकं स्वतःच्या मुलींबरोबरही नाही.

ती गेल्यावर भांडण थांबलं नाही, पुढच्या पिढीकडे गेलं. रिज आणि टेलरच्या मुलीचं नाव आजीवरूनच स्टेफी ठेवलं आहे. ब्रुकला डीकन शार्पपासून झालेली मुलगी होप. डीकन हा ब्रुकच्याच मुलीचा, ब्रिजेटचा नवरा होता, तेही एक वेगळं दुखणं. स्टेफी आणि होप यांच्यात लियम स्पेन्सर या तरुणावरून वर्षानुवर्षं ओढाताण चालली. त्यात होपच्या बाजूनं हिरिरीनं उभी राहते ती ब्रुक. मुलीच्या लग्नात कोणाचं पाऊल पडू नये म्हणून जागणारी, समोरच्या मुलीच्या आईवर तुटून पडणारी. नव्यानं बघणाऱ्याला ब्रुकचं वागणं कुठून आलं हे कळायचं असेल तर जुने भाग शोधून बघावेत. स्टेफनी ब्रुकशी जशी बोलायची, जवळपास त्याच सुरात ब्रुक आता बोलते.

या मालिकेत माणसं बदलतात, म्हणजे नटच बदलतात. थॉर्नची भूमिका चार जणांनी केली आहे. बेथही चार नट्यांनी केली. रॉन मॉस यांनी २५ वर्षं रंगवलेला रिज २०१३ च्या अखेरीस थॉर्स्टन केय यांच्या चेहऱ्यानं परत आला आणि प्रेक्षकांनी त्याला स्वीकारलं. मेलेली पात्रं परत आणण्याचं तर या लेखकांना काहीच वाटत नाही, टेलर दोनदा मेली आणि परत आली. स्टेफनीच्या जागी मात्र त्यांनी दुसऱ्या कोणत्याही नटीला उभं केलेलं नाही.